पाच बदामांचा साचा

त्याने वॉफलचा साचा खिळ्यावरून उतरवला, दोन्ही झडपा उघडल्या आणि न बघता अंगठा बरोबर तुटक्या बदामावर नेऊन ठेवला. नजर खिडकीबाहेर होती. मी वॉफलचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताट हातातून सुटेल असं वाटलं, पण सुटलं नाही. सव्वीस वर्षं घरं विकते आहे, माझ्या हातून लोकांसमोर काही पडत नाही. घर बघायला आलेला माणूस स्वयंपाकघरात काय करतो ते मला पाठ आहे. फ्रिज उघडतो, नळ सोडून बघतो, ओट्याखाली ओल आहे का म्हणून नाक खुपसतो, ड्रॉवर ओढतो आणि तो आपोआप हळूच मिटला की बायकोकडे बघून मान हलवतो. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, आणि लावलाच तर पाहुण्यासारखा, बोटांच्या टोकांनी. या माणसाने तो आपल्या घरातली वस्तू घ्यावी तसा घेतला होता. पन्नाशीचा, नीट दाढी केलेला, चांगला लोकरी कोट, बुटांवर आम्ही दारात देतो त्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. अंगठा तुटक्या कडेवरून मागे-पुढे फिरत होता, सावकाश.

साचा इल्वाच्या आजीचा. इल्वा म्हणजे घराची मालकीण. बिडाचा, लांब दांड्यांचा, चुलीवर ठेवायचा जुना प्रकार, हातात घेतला की मनगट खाली जातं. आत पत्त्यातल्या बदामासारखे पाच बदाम, टोकं मध्यभागी जुळलेली. त्यातल्या एकाची कड उडालेली. "माझ्या वॉफलला साडेचार बदाम असतात," असं ती पहिल्या भेटीत हसून म्हणाली होती आणि मग हसणं तसंच ठेवून तिने सांगितलं की कॉनीने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तो तिच्या डोक्यावर भिरकावला होता. ती वेळेवर वाकली आणि साचा दगडी पायरीवर आदळला. तीन बरगड्या मोडल्या त्या नंतर, दुसऱ्या एका दिवशी. सहा वर्षांत चार गावं झाली; हे चौथं, आणि याच गावात लहान घर घ्यायचं म्हणून ती हे विकत होती. तिचा पत्ता सरकारी यादीतही कुणाला मिळत नाही. कोर्टाने कॉनीला जवळ फिरकायची बंदी केली आहे, पण जवळ म्हणजे कुठे तेच त्याला कळू द्यायचं नाही, असा सगळा प्रकार. "जाहिरातीत माझं नाव नको," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. "दारावरच्या पाटीचा फोटो नको." नाही. "आणि हा साचा नको. बाकी काय हवं ते दाखव." मी म्हटलं, नाही गं बाई, मुळीच नाही. असं म्हणताना मी स्वयंपाकघराची पांढरी फरशी, पांढरी कपाटं आणि वरची रिकामी भिंत बघत होते.

नवी पोरं-पोरी आमच्या ऑफिसात येतात, त्यांना मीच शिकवते. घरातून माणूस काढा, मी सांगते. लग्नाचे फोटो, फ्रिजवरची चुंबकं, दात घासायचे ब्रश, मांजराची वाटी, औषधं, सगळं काढा. दिवे सगळे लावा, भर दुपारी लावा. संडासाचं झाकण पाडा. मालकाला बाहेर काढा, मालक घरात असला की गिऱ्हाईक खुर्चीत बसत नाही आणि जो बसत नाही तो विकत घेत नाही. काहीतरी भाजलं जात असल्याचा वास येऊ द्या. आणि सगळं काढून झालं की एक वस्तू परत ठेवा. एकच, जुनी, वापरलेली, नाहीतर घर दवाखान्यासारखं दिसतं. पोरं हे लिहून घेतात. इल्वा कामावर गेली होती आणि फोटोवाला तिपाईवर कॅमेरा चढवून खोळंबला होता, तेव्हा मी तो साचा खोक्यातून काढला आणि चुलीच्या वर खिळा ठोकून टांगला. पंचवीस मार्च जवळ आला होता, त्या दिवशी अख्खा देश वॉफल खातो, आणि यंदा तो रविवारी पडला होता, म्हणजे घर दाखवायच्याच दिवशी. मला स्वतःच्या कल्पनेचं केवढं कौतुक वाटलं! फोटो फार सुरेख आला, आणि इल्वा घरी यायच्या आत साचा परत खोक्यात गेला. जाहिरातीत मी तोच पहिला टाकला. त्या रविवारी सकाळी मी तो परत टांगला; इल्वाने साचा भिंतीवर बघितला आणि ती जागच्या जागी थांबली. "अगं, आजच्या दिवसापुरता," मी म्हटलं, "आज घरोघरी असेल." ती म्हणाली, "फोटोत नाहीये ना?" मी म्हटलं, "छे." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की खोटं बोलल्याचं मला दुपारपर्यंत जाणवलंही नाही.

"हा विकायचाय?" त्या माणसाने विचारलं.

"नाही, तो मालकिणीचा," मी म्हटलं. तेवढ्यातही मला हसता आलं.

"आमच्याकडे अस्साच होता एक." त्याने साचा मिटला आणि ओट्यावर ठेवला, हळूच, आवाज न करता. "वॉफल कुणी केलेत? तुम्ही? तिने नाही?"

खरं म्हणजे आणखी वाईट गोष्ट मी आधीच करून बसले होते. एकला दार उघडलं तेव्हा याच माणसाने पिशव्या बुटांवर चढवता चढवता विचारलं होतं की मालकीणबाई नाहीत का घरात, आणि मी म्हटलं होतं, छे हो, त्यांना मी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाठवलंय, बरोबर दोनला येतील, तोवर तुम्ही निवांत बघा. गिऱ्हाइकाला कधी माहीत नाही म्हणायचं नाही, हेही मीच शिकवते. आता एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बेकरी म्हणजे खिडकीतून दिसणारं हिरवं कापडी छप्पर, मध्ये एक ट्रामचा रस्ता.

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली. आरशात एक चोपन्न वर्षांची बाई, लिपस्टिक जागेवर. पोलिसांना फोन केला. बाईचा आवाज शांत होता. त्याने काही केलंय का? नाही. धमकी दिली? नाही. मग काय केलं? "त्याने वॉफलच्या साच्याला हात लावला," मी म्हटलं आणि स्वतःचीच मला शिसारी आली. पण तिला कळलं असावं. तिने पत्ता घेतला, मालकिणीचं नाव घेतलं, गाडी निघतेय म्हणाली, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका म्हणाली. मग मी इल्वाला फोन लावला. कानात घंटी वाजत होती आणि तीच घंटी मला भिंतीपलीकडूनही ऐकू येत होती, स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून. सकाळी मीच तिला ओरडले होते, ओट्यावर चार्जर नको, फोन नको, वायरी नकोत, सगळं आत टाक. तिने बिचारीने घाईत सगळं आत टाकलं होतं. मी फोन बंद करायच्या आत घंटी मोठी झाली. कुणीतरी ड्रॉवर उघडला होता.

लहानपणी शनिवारी दुपारी आमच्या घरी घंटी वाजावी म्हणून मी देवाची करुणा भाकायची. नदीपलीकडे, गोदीच्या कामगारांच्या चाळीत दोन खोल्या होत्या आमच्या. बाबा अर्धा दिवस भरून यायचा, जेवायचा, आणि मग कुठल्याशा गोष्टीवरून, बटाटे कच्चे राहिले म्हणून, खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला म्हणून, उठायचा. आईला तो तोंडावर मारत नसे. पाठीत, दंडावर, मांडीवर. टेबल उलटायचा, ताटल्या भिंतीवर फोडायचा, एकदा तिचं डोकं धरून भिंतीवर आपटलं तर भिंतीलाच भोक पडलं, इतकी ती भिंत तकलादू होती. आणि मग दारावरची घंटी वाजली की त्याचा हात खाली यायचा. शेजारीण साखर मागायला आली की बाबा शर्ट खोचून गप्प खुर्चीत बसायचा, तिला या बसा म्हणायचा. सात वर्षांची असताना मला हे उमगलं, आणि मी चोरपावलांनी बाहेर जाऊन स्वतःच घंटी दाबायला लागले. दाबायची आणि जिन्यात पळायची. चार-पाच शनिवार चाललं ते. मग एका शनिवारी त्याने घंटी वाजायच्या आधीच दार उघडलं. माझं बोट बटणावर होतं. त्याने ते बोट धरलं आणि मागे वाकवलं. आजही थंडीत ते दुखतं.

आई दुसऱ्या दिवशी घर लावायची. भोकावर कॅलेंडर, तेही कॅलेंडर लावतात त्यापेक्षा खूप खाली. टेबलाच्या चिरेवर भरतकामाचा रुमाल. दंडावर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. रविवारी मावशी यायची, कॉफी प्यायची आणि म्हणायची, काय टापटीप ठेवतेस गं घर! लोक मला विचारतात हा धंदा कुठे शिकलीस. कुठे म्हणून सांगू? मला आजही कुठल्याही घरात शिरले की आधी कमरेच्या उंचीवर टांगलेल्या चित्राकडे नजर जाते. मी ते उचलून बघत नाही. मी तिथे अजून एक मोठं चित्र लावायला सांगते.

न्हाणीघरातून बाहेर आले तर तो बोळात उभा होता. हातात इल्वाचा फोन, पडद्यावर लिहिलेलं 'आनेली, घर.' त्याने तो माझ्यासमोर धरला, एखाद्याची राहिलेली वस्तू परत द्यावी तसा.

"तुमचंच नाव ना हे? तुम्हीच फोन करताय, आणि संडासात बसून?" तो हसला. दात चांगले होते. "फोटो झकास काढलेत हं तुम्ही. मी रोज बघतो, माहितीये? देशभरातली घरं. संध्याकाळी जेवण झालं की बसतो. बैठकीच्या खोल्या नाही बघत मी. फक्त स्वयंपाकघरं. म्हटलं, कधीतरी विकेलच की."

"घर बघायची वेळ दोनपर्यंत आहे," मी म्हटलं. काय बोलत होते मी!

"मला घाई नाही. ती येणारच आहे ना दोनला, तुम्हीच म्हणालात."

तेव्हा घरात चौदा-पंधरा माणसं होती. एक गर्भार बाई आणि तिचा नवरा निजायच्या खोलीत पाळणा कुठे मावेल ते पावलांनी मोजत होते. दोघं भाऊ छताकडे बघत होते. वरच्या मजल्यावरची एल्सी, ऐंशी वर्षांची, जिला हे घर घ्यायचं नव्हतं आणि जी दर रविवारी कुणाचं ना कुणाचं घर फुकट बघून येते, ती तिसरा वॉफल खात होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, सात वर्षांच्या पोरीची. लोक असले की हात खाली येतो. म्हणून मी लोक धरून ठेवले. माझ्या विजेच्या साच्यात आणखी वॉफल केले. गर्भार बाईला खुर्ची दिली, भावांना तळघरातली कोठी दाखवायचं कबूल केलं, जायला निघालेल्या एका बाईला परत आणून खिडक्यांच्या काचा दुहेरी आहेत ते सांगितलं. आणि एल्सीला कान धरल्यासारखं जिन्यात नेलं. "एल्सी, बेकरीत जा. इल्वाला सांग घरी येऊ नकोस. तो आलाय म्हणून सांग. एवढंच."

"कोण तो?"

"तिला कळेल. जा ना गं."

"अगं पोरी, माझे गुडघे..." असं म्हणत तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. तिची काठी वर घरातच राहिली होती. पायातल्या निळ्या पिशव्याही तिने काढल्या नाहीत. दोनला बारा मिनिटं कमी होती.

कॉनी खिडकीशी उभा होता. त्याने एल्सीला रस्ता ओलांडताना पाहिलं असणार. निळ्या पिशव्या घातलेली म्हातारी ट्रामच्या रुळांवरून बेकरीकडे निघालेली, कुणालाही दिसलं असतं. तो वळला आणि बाहेरच्या दाराकडे निघाला. मी स्वयंपाकघरातून निघाले. हातात साचा होता. केव्हा घेतला ते मला आजही आठवत नाही, पण घेतला होता. उंबऱ्यात मी त्याच्या आडवी उभी राहिले.

"तुम्ही यादीत नाव आणि फोन नंबर लिहिला नाहीत," मी म्हटलं.

"बाजूला हो."

"सगळ्यांना लिहावा लागतो. घर घ्यायचं तर..."

"ए म्हातारे, बाजूला हो." आवाज चढला नाही. त्याने माझं डावं मनगट धरलं आणि पिरगळलं. मला गुडघ्यावर यावं लागलं. मनगटात काहीतरी कटकन वाजलं. आणि हे सगळ्यांसमोर झालं, भर दुपारी, सगळे दिवे लावलेले असताना. मी मान वळवून बघितलं. दोघे भाऊ छताच्या नक्षीकडे बघत होते. गर्भार बाईचा नवरा जाहिरातीचा कागद वाचत होता, फार लक्ष देऊन. कुणीतरी घसा साफ केला. लोक होते, आणि हात खाली आला नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षं मी एका चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता! शेजारीण साखर घेऊन गेल्यावर काय व्हायचं ते मला माहीत होतं, तरी ठेवला होता.

मी साचा उजव्या हाताने फिरवला. तो त्याच्या कोपराच्या वर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. त्याने माझं मनगट सोडलं, मागे सरकायला गेला, आणि त्या प्लास्टिकच्या पिशव्या पॉलिश केलेल्या लाकडावर सटकल्या. दोन्ही पाय एकदम गेले. मी सकाळीच फरशी दोनदा पुसून घेतली होती. त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कपाळ फुटलं, आणि तो लहान मुलासारखा "आई गं" म्हणाला. मग तो कुशीवर पडून राहिला. त्याला उठता येत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे. त्याचा चांगला हात फरशीवर पसरला होता, तळवा खाली, अंगठा बाजूला. तो हात मला हवा होता. मी साचा दोन्ही हातांनी, दुखऱ्या मनगटासकट, डोक्याच्या वर नेला आणि त्या हातावर आणला. बोटं फुटली. तो किंचाळला आणि मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. अंगभर, पायाच्या नखापर्यंत आनंद झाला. शनिवारी दुपारी आमच्या खोलीत ऊन यायचं तसं डोक्यात लख्ख झालं. तिसऱ्यांदा साचा वर गेला होता, तेवढ्यात गर्भार बाई ओरडली, "अहो, पुरे!" मग मी तो खाली ठेवला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. एका भावाने कॉनीच्या डोक्याखाली उशी ठेवली, सोफ्यावरची, मी तीन दुकानं फिरून आणलेली. दुसरा मला म्हणाला, "त्याने तुम्हाला आधी धरलं, आम्ही बघितलं." त्यांनी बघितलं होतं! विजेच्या साच्यातला वॉफल करपल्याचा वास सुटला होता.

पोलीस आले ते इल्वाला बरोबर घेऊनच आले. एल्सीने निरोप दिला होता, पण इल्वा बेकरीत थांबली नाही. तिथूनच पोलिसांना फोन करून रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत राहिली आणि त्यांच्यामागून जिना चढून वर आली. दारात थांबून तिने कॉनीकडे पाहिलं, फार वेळ नाही. तो तिचं नाव घेऊन काहीतरी म्हणाला. तिची नजर फरशीवरच्या साच्यावर गेली, मग चुलीवरच्या रिकाम्या खिळ्यावर, मग माझ्यावर.

"फोटोत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"हो."

तिने मान हलवली. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. त्याने तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. "म्हणजे आता पाचवं गाव," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. खुर्ची कुठे आहे ते तिला बघावं लागलं नाही, ती मालकीण होती. ते मला तेव्हा दिसलं, इतक्या उशिरा.

कॉनीला खाली नेलं. उंबऱ्यापासून बोळाच्या मध्यापर्यंत रक्त पसरलं होतं, लाकडाच्या फटींत उतरत होतं. मी ओट्याखालून फडकं काढलं, ओलं केलं आणि गुडघ्यावर बसले. याचा विचार करावा लागत नाही. कोमट नाही, गार पाणी घ्यायचं, बाहेरून आत पुसत यायचं. आईने मला स्टुलावर उभं करून शिकवलं होतं. फडकं फरशीला लागणार तोच इल्वा म्हणाली, "पुसू नकोस."

"डाग राहील गं. लाकूड पितं ते."

"राहू दे. ज्याला घर घ्यायचंय त्याला दिसू दे."

मी फडकं हातात धरून तशीच बसले. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. दारात पोलीसबाई वही घेऊन उभी होती, तरुण, माझ्या ऑफिसातल्या पोरींच्या वयाची. तिचं सगळ्यांना विचारून झालं होतं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की त्याने आधी हात पिरगळला आणि बाईने सुटायला म्हणून एकदा मारलं. पंधरा माणसं, चांगली, सभ्य. त्यांनी त्यावर रुमाल टाकला होता. माझा परवाना, माझी कोर्टाची पायरी, सगळं त्या रुमालाखाली नीट झाकलं गेलं होतं, आणि मला फक्त मान हलवायची होती.

"एकदाच ना?" पोलीसबाईने विचारलं.

इल्वा माझ्याकडे बघत होती.

"दोनदा," मी म्हटलं. "पहिल्या फटक्याने तो पडला होता. दुसरा मारायची काहीएक गरज नव्हती. लिहा."